कांस्यद्वारांचे जतन

ऐतिहासिक वास्तूंची कांस्याची किंवा धातूच्या पत्र्याने मढवलेली दारे मूळ धातू शक्यतो न घालवता टिकवण्याची व दुरुस्त करण्याची पद्धती. बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागात ओतीव दारापेक्षा सागवानी फळीवर ठोकलेला पितळी पत्रा अधिक परिचयाचा असल्याने येथे दोहोंचा एकत्र विचार केला आहे.

संज्ञेचा घोळ जुना आहे. कांस्य किंवा कासे म्हणजे तांबे व कथील यांचे मिश्रण, पितळ म्हणजे तांबे व जस्त यांचे. तळपाय चोळण्याच्या काशाच्या वाटीत कथील सुमारे २२ टक्के असते. असा धातू कडक पण ठिसूळ असल्याने ओतीव दारांत कथिलाचे प्रमाण बरेच कमी ठेवतात. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ (सु. ११२९–३१) ग्रंथात मेणाच्या नमुन्यावरून ओतकाम करण्याची कृती आहे. काही अभ्यासक ती प्रादेशिक धातुकामाच्या सर्वच प्रकारांना लावतात. परंतु ती मूर्तींसाठी सांगितलेली असल्यामुळे दारांविषयी तिच्यावरून अनुमान न काढणे अधिक सयुक्तिक वाटते.

धातूवरील प्रत्येक हिरवा थर, म्हणजे बोलीतला कळंक, घातक नसतो. घट्ट, गुळगुळीत थर खालच्या धातूचे रक्षण करतो. फिकट हिरवी, बोटाला लागणारी भुकटी मात्र क्लोराइड क्षारांमुळे होणाऱ्या ‘कांस्यव्याधी’ची खूण असते, दमट हवेत ही क्रिया पुन्हा पुन्हा होऊन धातूत खळगे पडतात. खानापूरकडच्या पावसाळी हवेत हा धोका अथणीच्या कोरड्या पट्ट्यापेक्षा अधिक संभवतो. भुकटी मऊ कुंचल्याने व हातहत्यारांनी काढून, भाग कोरडा करून बेंझोट्रायझोल या गंजरोधक रसायनाचे द्रावण व त्यावर सूक्ष्मस्फटिकी मेणाचा लेप देतात. उघड्यावरील लेप वेळोवेळी नवा करावा लागतो.

सणाआधी चिंचेने घासण्याची चाल दाराला उजळवते, पण चिंचेतील आम्ल संरक्षक थर काढून टाकते; पितळेतील जस्त विरघळून पत्रा तांबूस दिसू लागतो आणि नक्षीच्या कडा बोथट होतात.

इटलीतील फ्लॉरेन्सच्या बाप्तिस्मागृहाच्या, शिल्पकार गिबेर्तीकृत दारांचे (१४२५–५२) १९६६ च्या पुरात नुकसान झाले. सोनेरी मुलाम्याखालचे क्षार काढताना तेथे चौकटीत अडकलेल्या भागांवर लेझरही वापरला गेला. हे काम २०१२ मध्ये संपले.

मढवलेल्या दारात दोष बहुधा खिळ्याशी सुरू होतो. लोखंडी खिळा पितळेच्या सान्निध्यात लवकर गंजतो, फुगतो, पत्रा उचलतो. सागवानावर त्याभोवती काळे वर्तुळ उमटते. अशा ठिकाणी पत्रा न बदलता, जुन्याच भोकांत पितळी खिळे बसवतात.