पावसातला नायट्रोजन विजेचाच असतो का?

‘विजा कडाडल्या की हवेतला नायट्रोजन पावसाबरोबर शेतात उतरतो, फुकटचा युरिया!’ दर पावसाळ्यात हे फिरतं. वीज नायट्रोजनची ऑक्साइडं बनवते हे खरं. पण जगभरच्या विजा मिळून वर्षाला साधारण २० ते ८० लाख टन नायट्रोजन. वाहनं, औष्णिक वीजकेंद्रं, खतं आणि गुरांचं शेण-मूत यांतून हवेत जाणारा याच्या कितीतरी पट.

हे उपग्रहांनी लख्ख दाखवलं. २०१७ साली सोडलेल्या सेंटिनेल-५पी या उपग्रहावरचं ट्रोपोमी हे उपकरण परावर्तित सूर्यप्रकाशातून नायट्रोजन डायऑक्साइड ओळखतं. मेटॉप उपग्रहांवरचं आयएएसआय हे उपकरण अवरक्त किरणांतून अमोनिया, म्हणजे युरिया आणि शेण-मुतातून उडणारा नायट्रोजनयुक्त वायू, टिपतं. त्याच्या नकाशावर गंगेचं मैदान जगातल्या सर्वाधिक अमोनियाच्या पट्ट्यांपैकी एक दिसतं आणि खरिपात, युरिया पडतो तेव्हा, ते आणखी गडद होतं. तिथे पडणाऱ्या नायट्रोजनचं श्रेय आभाळाला देणं साफ चूक आहे. तो बराचसा आपणच पिशव्या फोडून टाकलेला असतो.

मात्र उपग्रहाला जमिनीवर पडणारा नायट्रोजन थेट दिसतो, हाही गैरसमजच. त्याला दिसतो तो हवेच्या उभ्या स्तंभातला वायू. त्यातला किती खाली उतरला हे वारा, पाऊस आणि रसायनशास्त्राची गणितं मांडून काढावं लागतं. त्यात ऐन पावसाळ्यात ढग आडवे येतात. म्हणून जमिनीवर पावसाचं पाणी गोळा करून त्यातलं नायट्रेट आणि अमोनियम (पाण्यात उतरलेल्या नायट्रोजनची रूपं) तपासणारी केंद्रं हवीतच, आणि ती आपल्याकडे वाढायला हवीत.