‘स्नीअर’: आधी घोड्याच्या नाकात, मग माणसाच्या ओठावर

नाशिकच्या कॉलेज रोडवर स्पर्धा परीक्षांच्या तयारीला लागलेल्या मुलांच्या वहीत ‘स्नीअर’ (sneer) या इंग्रजी शब्दापुढे बहुधा ‘उपहास करणे’ एवढंच लिहिलेलं असतं. अर्थ चुकीचा नाही. पण त्यात नाक नाही, आणि या शब्दाचा सगळा इतिहास नाकातला आहे.

सोळाव्या शतकाच्या मध्याला इंग्रजीत हा शब्द सापडतो तो घोड्याच्या फुरफुरण्यासाठी. माणसाच्या तुच्छतेच्या हसण्याला तो चिकटला सतराव्या शतकाच्या अखेरीस. मूळ कुठलं, हे कोशकार ठामपणे सांगत नाहीत. जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यावरच्या उत्तर फ्रिसियन भाषेत हिणवण्यासाठी याच्याच तोंडवळ्याचा शब्द आहे, एवढा धागा हाती लागतो. इंग्रजीत मात्र ‘स्न’ने सुरू होणारं एक अख्खं बिऱ्हाड नाकाशी नांदतं : स्नोअर म्हणजे घोरणं, स्निफ म्हणजे हुंगणं, स्नाउट म्हणजे मुस्कट. शिंकेचा ‘स्नीझ’ तर पूर्वी ‘फ्न’ने सुरू व्हायचा. ‘फ्न’ने सुरू होणारे शब्द मागे पडले, त्यातच जुन्या लिखाणातला लांब ‘एस’ (ſ) इंग्रजी ‘एफ’सारखा दिसायचा, म्हणून वाचणाऱ्यांनी ‘फ’चा ‘स’ केला असावा, असं मानतात. वाचनातल्या चुकीतून शिंक जन्मली म्हणायची!

इंग्रज कोशकार सॅम्युअल जॉन्सनने १७५५च्या आपल्या इंग्रजी कोशात ‘स्नीअर’ला घोरण्या-फुरफुरण्याच्या कुळात बसवलं. ‘नजरेतून, चेहऱ्यातून तुच्छता दाखवणे’ असा अर्थ दिला आणि सोबत होरेस या रोमन कवीचा वाक्प्रचार जोडला : बाकदार नाकावर टांगणे. म्हणजे लॅटिनमध्येही तुच्छतेचा पत्ता नाकाचाच.

डार्विनने १८७२मध्ये भावनांच्या आविष्कारावर लिहिताना याच हास्याकडे पाहिलं. एका बाजूचा ओठ वर जातो आणि सुळा उघडा पडतो. गुरगुरणाऱ्या कुत्र्याचा दिसतो तसा. वरचा ओठ आणि नाकपुडीची कड दोन्ही एकदम उचलणारा एक चिमुकला स्नायू नाकाच्या बाजूला असतो. ओठ वाकडा झाला की नाक ओढलं जातं ते त्यामुळे.

मराठीने या एका हालचालीची वाटणी केली आहे. नाकाचा वाटा ‘नाक मुरडणे’ला गेला, ओठाचा ‘कुत्सित हसणे’ला. नाक कारल्याच्या भाजीलाही मुरडता येतं, कुत्सित हसायला समोर माणूसच लागतो. ‘स्नीअर’ हा दोन्हींचा जोड, म्हणून एका मराठी शब्दात तो मावत नाही. वहीत लिहायचंच तर मी ‘नाक मुरडून कुत्सित हसणे’ लिहीन.

नाशिककराला हे नाकपुराण नवं नाही. पंचवटीत लक्ष्मणाने शूर्पणखेचं नाक कापलं म्हणून नासिक, ही कथा गोदाकाठी लहानपणीच कानावर पडते. नऊ शिखरांचं गाव म्हणून नाशिक, असं सांगणारेही आहेत. नाक गेलं की अब्रू गेली, नाक वर झालं की गर्व झाला, घासलं की शरणागती. आणि नाकाने कांदे सोलणारे तर लासलगावचा कांदा बाजार जिल्ह्यातच असल्यामुळे आमच्याकडे जरा जास्तच भेटतात.