५ कोटी ७० लाख हा आकडा आला कुठून?

दिल्ली आणि कल्याणीचे एम्स, चंडीगडची पीजीआय आणि मँचेस्टर विद्यापीठ इथल्या संशोधकांनी २०२२च्या अखेरीस मांडलं, की भारतात ५ कोटी ७० लाखांहून अधिक लोकांना गंभीर बुरशीजन्य आजार असावेत. म्हणजे दर १०० माणसांत चौघांना. दारोदार फिरून हे रुग्ण कोणी मोजलेले नाहीत. हा मांडलेला हिशेब आहे.

मोजणार तरी कसे? टीबीचा रुग्ण सरकारला कळवणं बंधनकारक आहे, बहुतेक बुरशीजन्य आजारांचं तसं नाही. साधा नायटा पक्का ओळखायचा तर खपली खरवडून काचपट्टीवर घ्यायची, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा आणि बुरशीचे तंतू दिसेपर्यंत थांबायचं. ओपीडीच्या गर्दीत एवढा वेळ कुठला? मलम लिहून दिलं जातं आणि रुग्ण कागदावर येतच नाही.

खरं तर आपल्याकडे बुरशीच्या आजारांची ओळख फार जुनी आहे. पाय सुजून भोकं पडणाऱ्या ‘मदुरा फूट’चा अभ्यास मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या हेन्री वँडाईक कार्टर यांनी केला आणि १८६०च्या सुमारास त्याला ‘मायसेटोमा’ हे नाव दिलं. पुढे ते साताऱ्यात सिव्हिल सर्जन होते.

देशभराच्या हिशेबाची रीत मात्र अलीकडची. १९६८मध्ये ब्रिटनमध्ये टीबी बरा होऊनही फुप्फुसात पोकळी राहिलेले ५४४ रुग्ण तपासले गेले. जवळपास चौथाईंच्या रक्तात अ‍ॅस्परजिलस बुरशीविरुद्धची प्रतिपिंडं सापडली. अशाच जुन्या अभ्यासांच्या आधारे मँचेस्टरचे डेव्हिड डेनिंग आणि सहकाऱ्यांनी २०११मध्ये टीबीनंतरच्या अ‍ॅस्परजिलोसिसचे, म्हणजे या बुरशीमुळे होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराचे, जगभरात सुमारे १२ लाख रुग्ण असतील असा अंदाज बांधला. धोक्यातला गट किती मोठा, त्यात आजाराचं प्रमाण किती, आणि दोहोंचा गुणाकार. पुढे देशोदेशी हीच रीत चालली.

२०२१च्या म्युकरमायकोसिसने, म्हणजे ‘काळ्या बुरशी’ने, चित्र थोडं बदललं. राज्यांना तो कळवणं सक्तीचं झालं आणि काही महिन्यांतच ४५ हजारांहून अधिक नोंदी झाल्या, सर्वाधिक महाराष्ट्र आणि गुजरातेत. एरवी इतक्या काटेकोरपणे बुरशीच्या रुग्णांची नोंद होत नाही.

मला सगळ्यात अस्वस्थ करतो तो भारताच्या अंदाजातला दीर्घकालीन अ‍ॅस्परजिलोसिसचा आकडा: १७ लाखांहून अधिक. खोकल्यातून रक्त पडतं, थुंकीत टीबीचे जंतू नसतात, आणि तरीही यातल्या अनेकांना पुन्हा टीबीच्याच गोळ्या सुरू होतात.