शिळावर्तुळांजवळ बांधकाम करायचंय? ना हरकत प्रमाणपत्राची प्रक्रिया

नागपूरजवळच्या जुनापाणीची शिळावर्तुळं ही लोहयुगातली दफनं. कडेने मोठे धोंडे, आत दगड-मुरमाचा उंचवटा. माहीत नसलं तर शेत साफ करताना कुणी दगड गोळा करून ठेवलेत असंच वाटावं. पण हे स्मारक केंद्र-संरक्षित आहे, त्यामुळे शेजारच्या गटधारकांना 1958 चा प्राचीन स्मारक कायदा लागू होतो.

संरक्षित हद्दीपासून 100 मीटर हे प्रतिबंधित क्षेत्र, त्यापुढचे 200 मीटर विनियमित. अंतर धोंड्यांपासून नाही, संरक्षित हद्दीपासून मोजायचं. बहुतेक घोळ इथेच होतो, म्हणून आधी मोजणी करून घ्या.

प्रतिबंधित पट्ट्यात खासगी नवं बांधकाम नाही म्हणजे नाही. तिथे घर 16 जून 1992 च्या आधीचं असेल तर फक्त दुरुस्ती-नूतनीकरणासाठी अर्ज करता येतो. जुनेपणाचा पुरावा म्हणून घरपट्टीच्या जुन्या पावत्या, ग्रामपंचायतीचा नमुना 8 शोधून ठेवा. विनियमित पट्ट्यात मात्र जमीन किंवा घर मालकीचं वा ताब्यात असलेल्या कुणालाही नव्या बांधकामासाठीही अर्ज करता येतो. नुसत्या नांगरणी-पेरणीला तिथे हे प्रमाणपत्र लागत नाही.

अर्ज राज्यासाठी नेमलेल्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे, ऑनलाइन. सोबत सातबारा, मोजणी नकाशा, स्मारकापासूनचं अंतर दाखवणारा स्थळनकाशा, बांधकामाचे आराखडे आणि जागेचे फोटो जोडा. उंची लिहिताना स्लॅबवर थांबू नका: कठडा, जिन्यावरची खोली, पाण्याची टाकी, सगळं धरून आकडा द्यायचा. तळघर असेल तर त्याची खोलीही.

प्राधिकाऱ्याने 15 दिवसांत अर्ज राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे पाठवायचा, त्यांनी 2 महिन्यांत अभिप्राय द्यायचा आणि त्यानंतर महिनाभरात सक्षम प्राधिकाऱ्याने मंजुरी किंवा नकार कळवायचा, असं कायदा सांगतो. म्हणजे पावसाळ्याआधी जोता बांधायचा बेत असेल तर अर्ज दिवाळीच्या सुमारासच गेलेला बरा. ग्रामपंचायतीच्या परवानगीवर भागत नाही. विनापरवाना बांधकामाला 2 वर्षांपर्यंत कैद, 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

विदर्भात असंरक्षित वर्तुळंही पुष्कळ आहेत. त्यांना ही 100-200 मीटरची अट नाही. तरी पाया खणताना खापरं, लोखंडी अवजारं, मणी दिसले तर काम थांबवा आणि तहसील कार्यालयाला लेखी कळवा. जमिनीत सापडलेला 10 रुपयांहून जास्त किमतीचा ऐवज जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं 1878 च्या निखात निधी कायद्याने बंधनकारक आहे. कळवल्याची पोच मात्र मागून घ्या.