जुनिपरच्या खाली काय आहे: जिनच्या चवींची पार्श्वभूमी

जिनच्या बाटलीवर हल्ली वनस्पतींची यादी ठळकपणे छापलेली असते. धने, अँजेलिका, संत्र्याची साल, वेलदोडा, कुठे गुलाब तर कुठे काकडी. ती वाचून वाटतं की एक जिन दुसरीपेक्षा वेगळी लागते ती या यादीमुळेच. यादीला महत्त्व आहे, पण येनेव्हर, ओल्ड टॉम, लंडन ड्राय, प्लिमथ आणि अलीकडच्या नव्या जिन या शैली जन्माला आल्या त्या वनस्पतींच्या खालच्या मद्यार्कामुळे. तो मद्यार्क कशापासून काढला, किती स्वच्छ निघाला आणि सरकारने त्याच्यावर किती कर बसवला, यावर त्या त्या काळातल्या वनस्पतींचं काम ठरलं. कधी त्यांनी मद्यार्काला साथ दिली, कधी त्याचा दुर्गंध झाकला, आणि तो पुरता निर्मळ झाल्यावर सगळी चव त्यांच्यावरच येऊन पडली.

या सगळ्यांत कायम राहिलेली वनस्पती एकच, जुनिपर. उत्तर गोलार्धात दूरवर पसरलेलं हे सूचिपर्णी झुडूप. ज्याला सगळे त्याचं फळ म्हणतात तो वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने मांसल शंकू असतो. तो पिकायला दोनेक वर्षं घेतो, त्यामुळे एकाच फांदीवर हिरवे आणि निळे-काळे शंकू शेजारी शेजारी दिसतात. इटली आणि बाल्कन प्रदेशातून येणारा बराचसा माल आजही रानातलाच असतो, आणि फांद्या काठीने झोडपून फक्त पिकलेले शंकू खाली पाडले जातात. त्यांच्या तेलात सहसा सर्वांत जास्त असतो तो अल्फा-पायनीन. पाइनच्या झाडाचा जो तरतरीत, राळेसारखा वास आपण ओळखतो तो याचाच. त्याच्या जोडीला मायर्सीन आणि लिमोनीन असतात. हा अल्फा-पायनीन लक्षात ठेवावा, पुढे अठराव्या शतकात तो फार वाईट कारणासाठी कामाला आला.

जुनिपर पेल्यात आलं ते औषध म्हणून. फ्लँडर्समधला कवी याकोब व्हान मार्लांट याने १२७०च्या सुमारास पोटदुखीवर जुनिपर पावसाच्या पाण्यात किंवा वाइनमध्ये उकळून घेण्याचा उपाय नोंदवला. १४९५ सालच्या एका डच हस्तलिखितातली कृती मात्र निराळीच आहे. तिथे वाइनपासून काढलेल्या मद्यार्कात जुनिपरबरोबर जायफळ, लवंग, दालचिनी, वेलदोडा, आलं आणि कुलंजन आहे. त्या काळी युरोपात या मसाल्यांची किंमत पाहता ही कृती श्रीमंत घरातली असणार, आणि आजाऱ्यापेक्षा पाहुण्यासाठीच जास्त.

पुढच्या शतकात वाइनची जागा धान्याने घेतली. राय आणि माल्ट केलेलं बार्ली आंबवून, तांब्याच्या पॉट स्टिलमध्ये, म्हणजे हंड्यासारख्या भट्टीत, अनेकदा ऊर्ध्वपातित करून जो मद्यार्क निघे त्याला डच लोक मौटवाइन म्हणतात. त्याला स्वतःची दमदार चव असते: भाजक्या पावाची, धान्याची, किंचित तेलकट. येनेव्हर म्हणजे हा मौटवाइन आणि त्यात बेताने उतरवलेलं जुनिपर. म्हणून लंडन ड्रायची सवय असलेल्या माणसाला येनेव्हर पहिल्या घोटाला व्हिस्कीच्या जवळचं वाटतं. स्खीडाम हे डच शहर या धंद्याचं मोठं केंद्र झालं, आणि धान्य दळण्यासाठी तिथे उभारलेल्या पवनचक्क्या जगातल्या सर्वांत उंच पवनचक्क्यांत गणल्या जातात. १६०२ साली स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीमुळे मसालेही हाताशी आले.

जिनचा शोध लायडनचे वैद्य फ्रान्सिस्कस सिल्व्हियस यांनी लावला, हे अजून पुष्कळ ठिकाणी छापलं जातं. सिल्व्हियस यांचा जन्म १६१४चा. १६२३ साली छापलेल्या एका इंग्रजी नाटकात या पेयाचा उल्लेख आहे, आणि जुनिपर घातलेल्या मद्यार्काच्या कृती त्याच्याही कितीतरी आधीच्या आहेत. ही दंतकथा आता सोडून द्यावी, कारण तिच्यामुळे एका माणसाच्या नावाखाली शेकडो अनामिक भट्टीवाल्यांचं काम झाकलं जातं.

इंग्लंडमध्ये १६८९ साली डच राजपुत्र विल्यम गादीवर आला. फ्रान्सशी युद्ध सुरू असल्याने फ्रेंच ब्रँडीची वाट बंद झाली आणि १६९०च्या कायद्याने देशी धान्यापासून मद्यार्क काढायला उत्तेजन दिलं. धान्य स्वस्त, परवान्याचं बंधन जवळजवळ नाही. लंडनमध्ये घरोघरी भट्ट्या लागल्या. पण डच भट्टीवाल्यांची पिढ्यांची कसब त्यांच्यापाशी नव्हती. निघणारा मद्यार्क कच्चा, घाणेरड्या वासाचा. आणि इथे जुनिपरचं काम बदललं: डच भट्टीत ते धान्याच्या जोडीला होतं, लंडनमध्ये ते वास झाकायला आलं. पुढे जुनिपरही महाग पडू लागलं तेव्हा टर्पेंटाइन आलं. टर्पेंटाइन निघतं पाइनच्या राळेपासून आणि त्यातला प्रमुख घटक तोच, अल्फा-पायनीन. फसवणूक इतकी सहज पचली ती या साम्यामुळे. गंधकाम्लसुद्धा वापरलं जाई. गरिबांच्या शरीरांवर याचा काय परिणाम झाला असेल याची कल्पनाच केलेली बरी.

१७३६च्या कायद्याने किरकोळ विक्रेत्याला वर्षाला ५० पौंडांचा परवाना लावला. तो जवळपास कुणीच घेतला नाही आणि चोरटी विक्री वाढली. १७५१चा कायदा जास्त शहाणपणाचा होता. त्याच वर्षी विल्यम होगार्थ याने ‘जिन लेन’ हे गाजलेलं चित्र काढून त्या दुर्दशेला चेहरा दिला. हळूहळू धंदा मोठ्या, भांडवल असलेल्या घराण्यांकडे गेला. अलेक्झांडर गॉर्डन याने १७६९ साली भट्टी घातली ती या सावरत्या काळात.

तरी मद्यार्क अजून खडबडीत होताच, आणि त्याला मवाळ करण्याचा साधा उपाय म्हणजे साखर. गोड केलेली ही जिन म्हणजे ओल्ड टॉम. काही जण साखरेऐवजी ज्येष्ठमध वापरत. इथे एक बारकावा आहे. ज्येष्ठमधाला गोडवा देणारं ग्लिसरायझिन वाफेबरोबर वर चढत नाही. ते ऊर्ध्वपातनानंतर मुरवलं तरच गोडी येते. आधी घातलं तर मागे राहते ती मातकट, मुळांसारखी छटा, आणि ज्या कोरड्या जिनमध्ये आज ज्येष्ठमध असतं तिथे ते या छटेपुरतंच असतं.

जिनच्या चवीला सर्वांत मोठं वळण दिलं ते मात्र कोणत्याही वनस्पतीने नाही. अबकारी खात्यात नोकरी केलेल्या एनियस कॉफी या आयरिश माणसाने १८३० साली स्तंभाच्या आकाराच्या, अखंड चालणाऱ्या स्टिलचं पेटंट घेतलं. या यंत्रातून निघणारा मद्यार्क जवळजवळ निर्गंध होता. शिवाय इंग्लंडमध्ये कायद्यानेच मूळ मद्यार्क काढणारे आणि तो वनस्पतींबरोबर पुन्हा ऊर्ध्वपातित करणारे रेक्टिफायर वेगळे ठेवले होते. बहुतेक जिनवाले आजही मद्यार्क बाहेरून विकत घेतात त्याचं मूळ इथे आहे. आता झाकण्यासारखं काही उरलं नाही. साखरेची गरज संपली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शॅम्पेनमध्येही कोरडेपणाची आवड वाढत होती, त्याच लाटेत लंडन ड्राय रुजली.

लंडन ड्रायमध्ये वनस्पतींची निवड प्रथमच उघडी पडली. टँकरे या लंडन ड्राय जिनची घडण चारच घटकांची आहे: जुनिपर, धने, अँजेलिकाचं मूळ, ज्येष्ठमध. माझ्या मते जिन शिकायची असेल तर हीच सुरुवात योग्य, कारण इथे प्रत्येक घटक वेगळा ऐकू येतो. धने हा जिनमधला दुसरा आधारस्तंभ. त्यातला लिनालूल लिंबासारखी, फुलांसारखी झाक देतो, आणि बऱ्याचदा आपल्याला जी लिंबाची साल वाटते ती मुळात धन्यांची असते. लहान दाण्याच्या युरोपीय धन्यांत तेलाचं प्रमाण जास्त, म्हणून भट्टीवाल्यांची पसंती त्यांना. अँजेलिका कोरडी, मातीच्या आणि कस्तुरीच्या वासाची. ऑरिस म्हणजे आयरिस या फुलझाडाचा कंद. खणल्यावर त्याला विशेष वास नसतो, दोन-तीन वर्षं किंवा त्याहून जास्त सुकवल्यावर त्यात व्हायोलेटचा सुगंध तयार होतो. ही दोन मुळं बाकीचे सुगंध धरून ठेवतात असं या धंद्यातले लोक मानतात. कॅशिया ही दालचिनीची जाडी-भरडी बहीण, तर कबाबचिनी मिरीचा तिखटपणा आणि थंडावा एकत्र आणते.

हे सगळे सुगंध भांड्यातून एकदम येत नाहीत. आधी लिंबूवर्गीय सालींची हलकी तेलं, मग जुनिपर आणि धने, शेवटी मुळं. वाफ कुठपर्यंत घ्यायची आणि कुठे तोडायची, या निर्णयावर तीच यादी वेगळी लागते. बीफीटर या लंडन ड्राय जिनसाठी वनस्पती २४ तास मद्यार्कात भिजवतात, त्यामुळे सेव्हिल संत्र्याची साल ठसठशीत उतरते. प्लिमथमधल्या ब्लॅक फ्रायर्स भट्टीत १७९३पासून जिन निघते आहे. तिच्या सात घटकांत मुळं आणि वेलदोडा असल्याने ती लंडन ड्रायहून मऊ, जराशी मातकट लागते.

‘लंडन’ हा शब्द पद्धतीचा आहे. युरोपीय नियमांनुसार लंडन जिन कुठेही काढता येते. अट अशी की सगळी चव नैसर्गिक वनस्पतींबरोबरच्या ऊर्ध्वपातनातून यावी, नंतर पाणी आणि मद्यार्काखेरीज जवळजवळ काही मिसळू नये आणि साखर लिटरमागे ०.१ ग्रॅमच्या पुढे जाऊ नये. डिस्टिल्ड जिनमध्ये नंतरही सुगंध घालता येतात. बाटलीतलं मद्यार्काचं किमान प्रमाण ३७.५ टक्के. नेदरलँड्समध्येही स्तंभाच्या स्टिलने फूट पाडली. योंगे म्हणजे ‘तरुण’ येनेव्हरमध्ये मौटवाइन १५ टक्क्यांपर्यंतच, औडे म्हणजे ‘म्हाताऱ्या’ येनेव्हरमध्ये किमान १५ टक्के. ही नावं तरुण-म्हाताऱ्या वयाची वाटली तरी ती नव्या आणि जुन्या शैलीची आहेत.

याच प्रवाहाबाहेर काही जुनी घराणी टिकली. आज स्पेनमध्ये असलेल्या मेनोर्का बेटावर अठराव्या शतकात ब्रिटिश आरमाराचा तळ होता, त्यातून तिथल्या माओन बंदराची जिन आली. ती अजून द्राक्षांच्या मद्यार्कावर निघते. जर्मनीतल्या स्टाइनहेगरमध्ये तर जुनिपरच आंबवून त्याचा अर्क काढतात.

विसाव्या शतकात निर्मळ मद्यार्काचा उलटा परिणाम दिसला. चव नसणं हाच गुण ठरला, व्होडकाने बाजार घेतला आणि जिनवाल्यांनीही जुनिपर दबकत वापरायला सुरुवात केली. १९८७ साली बाँबे सफायर आली. तिच्यात वनस्पती भिजवत नाहीत, वर जाळीच्या टोपलीत ठेवून वाफ त्यांतून नेतात. चव हलकी, फुलांची. दहाही वनस्पतींची ओळख बाटलीवर करून देणं हे तिचं खरं धाडस, यादी वाचायची सवय तिथून लागली. १९९९ची हेंड्रिक्स गुलाब आणि काकडीचे अर्क नंतर मिसळते, म्हणून ती लंडन ड्राय नाही. २००६ची अमेरिकन एव्हिएशन लॅव्हेंडरकडे झुकली. जपानच्या रोकूत युझू, सान्शो मिरी, चहा आणि साकुरा, स्पेनच्या जिन मारेत ऑलिव्ह आणि रोझमेरी. ब्रिटनमध्ये १८०० लिटरपेक्षा लहान स्टिलला परवाना देण्याची प्रथा नव्हती. २००९ साली लंडनच्या सिपस्मिथ या लहान भट्टीने तो मिळवल्यावर लहान भट्ट्यांची रांगच लागली.

या नव्या जिनमधल्या कित्येक मला मनापासून आवडतात. पण मद्यार्क इतका निर्मळ झाला आहे की त्यावर काहीही उमटतं, आणि त्या मोकळेपणात जुनिपर मागे ढकललं जातं. नियम म्हणतो की जुनिपरची चव प्रमुख असावी, परंतु प्रमुख म्हणजे किती, याचा आकडा त्यात नाही. तेव्हा परीक्षा पिणाऱ्यालाच करावी लागते: बर्फ आणि टॉनिक बाजूला ठेवून, जिनइतकंच साधं पाणी घालावं आणि आधी काय येतं ते हुंगावं. दरम्यान रानातल्या जुनिपरवरही संकट आहे. २०११पासून ब्रिटनमध्ये फायटॉफ्थोरा ऑस्ट्रोसेड्री या मुळं कुजवणाऱ्या रोगाने झुडपं मरत आहेत, आणि नवं रोप शंकू धरायला कित्येक वर्षं घेतं.