गॅसच्या जहाजालाही पावसाळी सुट्टी

मे सरत आला की वेलदूरच्या किनाऱ्यावर होड्या वर ओढतात, त्यांच्यावर झापं नाहीतर निळं प्लॅस्टिक पडतं आणि नारळी पौर्णिमेपर्यंत दर्याचं नाव नाही. शेजारीच अंजनवेलला, दाभोळच्या टर्मिनलवर, 2013 पासून एलएनजीची, म्हणजे द्रवरूप नैसर्गिक गॅसची, जहाजं लागतात. बरीच वर्षं तीही हाच रिवाज पाळत होती.

नैसर्गिक गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन. तो उणे 162 अंशांपर्यंत थंड केला की पाण्यासारखा वाहू लागतो आणि जागा सुमारे सहाशेपट कमी घेतो. म्हणून तर तो जहाजात भरून आणणं परवडतं. जहाज म्हणजे एक अवाढव्य थर्मास. तरी थोडी उष्णता आत शिरतेच, थोडा द्रव उकळतो आणि उकळताना बाकीच्याला गार ठेवतो. आपला माठ हेच करतो. उकळलेला गॅस अनेक जहाजं इंजिनातच जाळतात.

अडचण येते माल उतरवताना. धक्क्यावरचे सांधेदार नळ जहाजाला जोडून द्रव खेचायचा, आणि या कामात बहुतेक सगळा दिवस जातो. तेवढा वेळ जहाज जागचं हलता कामा नये. जास्त डोललं तर नळ सोडवून घ्यावे लागतात. लाटा अडवायला समुद्रात दगडी बांध हवा. दाभोळचा बांध वर्षानुवर्षं अर्धवटच राहिला. मग पावसाळ्यात जहाज आणणार कोण?

तिथल्या वीजकेंद्राची कथा सगळ्यांना तोंडपाठ आहे. एन्रॉन या अमेरिकी कंपनीचा पहिला टप्पा 1999 मध्ये नाफ्थ्यावर, म्हणजे खनिज तेलातून निघणाऱ्या इंधनावर, सुरू झाला, 2001 मध्ये बंद पडला. ते पुन्हा चालवायला 2005 मध्ये एनटीपीसी आणि गेल या सरकारी कंपन्यांनी रत्नागिरी गॅस अँड पॉवर कंपनी काढली. मग कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला गॅस मिळाला, तोही आटला. आयात गॅसची वीज कोळशापेक्षा महाग, म्हणून 1967 मेगावॅटचं केंद्र बराच काळ अर्ध्यापेक्षाही कमी क्षमतेने चाललं. जहाजातून उतरलेला गॅस मात्र नळातून थेट बंगळुरूपर्यंत जातो.

माझ्या मते हे केंद्र दिवसभर चालवायचा हट्टच चुकीचा. कोळशाचा थंड बॉयलर तापायला कित्येक तास लागतात, गॅस टर्बाइन त्यामानाने चटकन वेग घेतं. राज्यात सौर वीज वाढतेय; सूर्य बुडाला की घरोघरी दिवे-पंखे लागतात, नेमकी तेव्हाच ती संपते. ही तिन्हीसांजेची खिंड लढवायला गॅस बरा. जळताना त्यातून कोळशाच्या साधारण निम्माच कार्बन डायऑक्साइड निघतो. नळातून मिथेन गळू लागला तर मात्र तो फायदा बुडाला, कारण वातावरण तापवण्यात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या कितीतरी पुढे.

आजवर ही खिंड कोयना लढवत आली आहे. घाटमाथ्याचं पाणी पोफळीकडे सोडलं की काही मिनिटांत वीज. पण कोकणाकडे वळवायच्या पाण्याला कृष्णा पाणीवाटप लवादाने वर्षाला 67.5 टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातली आहे, आणि हे वर्ष संपतं 31 मे रोजी. म्हणजे ऐन उकाड्यात, पंखे गरगरत असताना कोयनेचा कोटा तळाला गेलेला असतो आणि वेलदूरला होड्या वर ओढायची गडबड सुरू असते.