‘व्हेक्टर’चे १२ अंक : वाचायचे कसे, बांधायचे कसे
ग्राहकांसाठी माहितीपत्रक
(जुनी-नवी कॉमिक्स, बाइंडिंग : राजारामपुरी, कोल्हापूर)

‘व्हेक्टर’ ही स्टार वॉर्सच्या चार कॉमिक मालिकांतून १२ अंकांत पसरलेली एकच कथा. तिचा ५ वा भाग म्हणजे ‘डार्क टाइम्स’ या मालिकेचा अंक ११, अंक ५ नव्हे. चुकीचा अंक घरी जातो तो बहुतेक वेळा याच गोंधळामुळे. प्रत्येक अंकाला दोन नंबर आहेत, एक त्याच्या मालिकेचा आणि दुसरा या कथेचा. मागताना मालिकेचं नाव आणि मालिकेचाच नंबर सांगा.

क्रम असा :
भाग १ ते ४ – नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक, अंक २५ ते २८
भाग ५ व ६ – डार्क टाइम्स, अंक ११ व १२
भाग ७ व ८ – रिबेलियन, अंक १५ व १६
भाग ९ ते १२ – लेगसी, अंक २८ ते ३१

स्टार वॉर्सच्या या चार मालिका डार्क हॉर्स ही प्रकाशनसंस्था एकाच सुमारास काढत होती, पण त्यांचे काळ एकमेकांपासून फार लांब. पहिली आणि शेवटची यांत सुमारे ४,१०० वर्षांचं अंतर. पहिलीचा नायक झेन कॅरिक आणि शेवटचीचा केड स्कायवॉकर समोरासमोर येणं शक्यच नाही. म्हणून २००८ मध्ये ही कथा सुरू झाली ती एका माणसाला काळातून पुढं नेत. ती सेलेस्ट मॉर्न, जेडाय, म्हणजे चांगल्या बाजूची योद्धा. कार्नेस म्यूर या प्राचीन सिथचा (जेडायांच्या दुष्ट शत्रूचा) तावीज तिच्या गळ्यात अडकतो, आणि त्याच्यासोबत माणसांचे रॅकघूल नावाचे हिंस्र प्राणी करणारी साथ. तिला एका पेटीत निद्रिस्त ठेवलं जातं आणि ती पेटी हजारो वर्षांनी डार्थ व्हेडरच्या हाती लागते. पुढचं सांगत नाही. नावाचा अर्थ मात्र सांगून ठेवतो : डेंग्यूच्या बाबतीत डासाला ‘व्हेक्टर’ म्हणतात, तोच हा शब्द. रोग वाहून नेणारा.

सगळे १२ घेणं जमत नसेल तर पहिले ६ घ्या. पेटी बंद होते आणि उघडते ती याच सहांत, आणि आमच्या मते कथेचा सगळ्यात घट्ट भागही हाच. ७ आणि ८ थोडे घाईत उरकलेत. ‘रिबेलियन’ मालिकाच १६ व्या अंकाला संपली. फक्त ‘लेगसी’ वाचणाऱ्यांनी २८ पासून सुरुवात केली तर गोष्ट कळते, पण सेलेस्ट इतकी थकलेली का, हे कळत नाही.

सुटे अंक नको असतील तर २००९ चे दोन खंड आहेत. पहिल्यात भाग १ ते ६, दुसऱ्यात ७ ते १२. पुढं हक्क मार्व्हल या प्रकाशकाकडं गेले. त्यांचे जाडजूड संग्रह काळानुसार लावलेले असल्यानं ही कथा त्यांत विखुरते. घेण्याआधी मलपृष्ठावरचे अंक-क्रमांक ताडून बघा. २०१४ पासून हे सगळं ‘लेजेंड्स’, म्हणजे अधिकृत कथेबाहेरच्या गोष्टी, या शिक्क्याखाली येतं, त्यामुळं नव्या सिनेमांत सेलेस्टला शोधू नका.

आता बाइंडिंग. १२ अंकांचा गठ्ठा दोन-अडीच सेंटीमीटर जाड होतो, एका पुस्तकात आरामात बसतो. आम्ही जुजबंदीच करतो, म्हणजे प्रत्येक अंक मधल्या घडीतून शिवतो. बाजूनं भोकं पाडून शिवलं तर स्वस्त पडतं, पण आतला जवळजवळ १ सेंटीमीटर पट्टा शिवणीत जातो आणि दोन पानांवर पसरलेल्या चित्रातलं अंतराळयान मधोमध गिळलं जातं. कडा कापायच्याच असतील तर २ मिलिमीटरपेक्षा जास्त नको, नाहीतर वरच्या संवादांच्या फुग्यांतली अक्षरं उडतात.

पिना आम्ही काढतोच. आपल्याकडं जून ते सप्टेंबर कपाटाच्या आतही दमट असतं. पिन आधी काळपट पडते, मग तिच्याभोवती तपकिरी वर्तुळ उमटतं आणि मधलं पान तिथंच फाटून सुटतं. सुटे अंक ठेवणार असाल तर पॉलिप्रॉपिलीनची पिशवी, मागं आम्लविरहित पुठ्ठा, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढं. सिलिका जेलचे निळे दाणे गुलाबी झाले की बदला. डांबरगोळ्या अंकांना टेकू देऊ नका.

बाइंडिंगला आणताना क्रम वेगळ्या चिठ्ठीवर लिहा, मुखपृष्ठावर पेनानं नको. जाहिरातींची पानं ठेवायची की काढायची तेही त्याच चिठ्ठीवर. पानामागं गोष्टीचं पान असेल तर जाहिरात निघत नाही.